नोटीस बोर्ड ते मार्कशीट, व्हाया जर्मनी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माझी एम.ए. सेमिस्टर तीनची मार्कशीट हातात आली. हे सेमिस्टर मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात केलं होतं, फेब्रुवारीत परतही आले होते, पण पुढचे सहा महिने मी ते केलंय असं इथल्या एकाही कागदावर नव्हतं. तेव्हापासून ज्युनियर्सचे मेसेज येतात, ताई व्हिसाला किती दिवस लागले, ताई खरंच फुकट असतं का, आणि मी प्रत्येकीला अर्धं अर्धं सांगते. म्हणून एकदाच सगळं सुरुवातीपासून लिहून ठेवतेय.

सुरुवात झाली १६ जानेवारी २०२४ ला. आमच्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसने 'ग्लोबल ऑपॉर्च्युनिटीज' नावाचं माहिती सत्र ठेवलं होतं. नोटीस आठवडाभर बोर्डावर होती, मी रोज तिच्यासमोरून जात होते, आणि मला वाटायचं हे इंजिनियरिंगवाल्यांसाठी असेल. त्या दिवशी दुपारचं लेक्चर रद्द झालं म्हणून गेले. हॉल दोनशे माणसांचा, आलो होतो एकोणीस, त्यातले पाच-सहा अटेंडन्स लागते म्हणून. पहिला अर्धा तास स्वागत, पुष्पगुच्छ आणि सामंजस्य करारांच्या फोटोंची स्लाइड, मग एका मॅडमनी अगदी थोडक्यात सांगितलं की युरोपातल्या तीन विद्यापीठांशी आपला एक्सचेंजचा करार आहे, जागा सहा आहेत आणि मागच्या वर्षी अर्ज आले चार.

हे वाक्य ऐकून मी वही काढली.

इथे एक गोंधळ आधीच सोडवते कारण माझाही झाला होता. 'इरॅस्मस मुंडुस' म्हणजे पूर्ण मास्टर्स डिग्री, दोन-तीन देशांत फिरून करायची, तिचा अर्ज आपण स्वतः थेट करतो आणि स्पर्धा जगभरातली असते. मी गेले ते 'इरॅस्मस प्लस'च्या क्रेडिट मोबिलिटीतून. म्हणजे डिग्री आपल्याच विद्यापीठाची, फक्त एखादं सेमिस्टर तिकडे करायचं, आणि दोन विद्यापीठांत करार असेल तरच जाता येतं. इरॅस्मस १९८७ साली सुरू झालं ते युरोपातल्या युरोपात पोरांची अदलाबदल करायला, बाहेरच्या देशांतली विद्यापीठं या प्रकारात बऱ्याच उशिरा आली. त्यामुळे 'माझं प्रोफाइल बसेल का' याच्या आधी 'आपल्या विद्यापीठाचा करार आहे का आणि तो माझ्या विभागाला लागू आहे का' हा प्रश्न विचारायचा. आमच्या तीन करारांपैकी एकच आमच्या विभागाला चालत होता. सहातल्या दोन जागा.

अर्जाची शेवटची तारीख १० फेब्रुवारी. मार्कशीट, सीव्ही, एक पानाचं पत्र, शिक्षकांची दोन शिफारसपत्रं आणि इंग्रजी येतं याचा पुरावा. आयईएलटीएस लागलं नाही, पदवीचं माध्यम इंग्रजी होतं असं कॉलेजचं पत्र चाललं, पण ते सगळीकडे चालत नाही, आधी विचारा. पत्रात मी पहिल्यांदा 'वैश्विक दृष्टिकोन' वगैरे भरून टाकलं होतं, आमच्या सरांनी ते वाचून नुसतं विचारलं, "तिथे कुठले चार कोर्स घेणार आहेस?" मला एकही सांगता आला नाही. मग दोन रात्री बसून तिथला कोर्स कॅटलॉग वाचला आणि पत्र अक्षरशः त्या चार कोर्सभोवती पुन्हा लिहिलं. मला वाटतं निवड त्यावरच झाली, कारण २७ फेब्रुवारीच्या मुलाखतीत निम्मे प्रश्न त्यातलेच होते. उरलेल्यातला एक मात्र असा की मी गप्पच झाले: "परत आल्यावर हे क्रेडिट इथे कसे बसवणार?" मी म्हटलं, सर, विभाग ठरवेल. पॅनेलमधले तिघंही हसले. ते का हसले ते मला पुढच्या वर्षी कळलं.

११ मार्चला मेल आला, नॉमिनेट झाले. नॉमिनेट म्हणजे निवड नाही बरं का, आपलं विद्यापीठ नाव पाठवतं, मग तिथल्या पोर्टलवर आपण पुन्हा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की अॅडमिशन लेटर. ते माझं २४ जूनला आलं. मधले साडेतीन महिने मी तीन गोष्टींत घालवले.

पहिली पासपोर्ट. माझ्याकडे नव्हताच. फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० आणखी, मी साधाच केला कारण वेळ होता. पण नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टात 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम' असे दोनच रकाने, म्हणून बाबांचं नाव माझ्या गिव्हन नेममध्ये गेलं, ते बरोबरच आहे, तसंच असतं. पण जर्मन पोर्टलवर मी पहिल्या अर्जात मार्कशीटच्या क्रमाने नाव भरलं आणि पासपोर्ट आल्यावर ते जुळेना, दुरुस्तीला सहा मेल लागले. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच, स्पेसिंगसकट नाव भरा. आणि तिथे कुणी तुम्हाला वडिलांच्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची तयारी ठेवा. माझ्या स्टुडंट कार्डावर दोन्ही नावं आहेत, बाबांना ते कार्ड फार आवडलं.

दुसरी गोष्ट लर्निंग अॅग्रीमेंट. हा कागद म्हणजे सगळ्या प्रकरणाचा पाया, आणि मी त्याला नुसता एक फॉर्म समजत होते. एका तक्त्यात तिथे घेणार ते कोर्स, दुसऱ्या तक्त्यात त्याबदल्यात इथले कुठले कोर्स माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या, तुमची, इथल्या विभागाची, तिथल्या विभागाची. आमच्या विभागात दुसरा तक्ता भरायला कुणी तयार नव्हतं. कारण सरळ आहे, याआधी आमच्याकडून कुणी गेलंच नव्हतं, आणि चुकलं तर सही करणाऱ्याच्या अंगावर. शेवटी सरांनी तोडगा काढला की विभागाच्या बैठकीत विषय घ्यायचा आणि इतिवृत्तात नोंद करायची. बैठक मे महिन्यात झाली. त्या इतिवृत्ताची झेरॉक्स मी हट्टाने मागून घेतली, शिक्क्यासकट, आणि पुढे वर्षभर मी जितक्या टेबलांवर गेले तितक्या टेबलांवर तोच कागद बोलला.

तिसरी गोष्ट जिच्यावर कुणीच आधी बोलत नाही, ती म्हणजे दोन कॅलेंडरं. इथलं सेमिस्टर तीन जुलै ते डिसेंबर. तिथलं विंटर सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लेक्चर्स साधारण मध्य ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. म्हणजे जुलै ते सप्टेंबर मी इथे कुणाची? सेमिस्टर तीनच्या वर्गात नाव आहे पण परीक्षा देणार नाही. आणि जानेवारीत इथे सेमिस्टर चार सुरू होणार तेव्हा मी तिकडे, ७५ टक्के हजेरीचं काय? मी हे सगळे प्रश्न तोंडी विचारले, सगळ्यांनी तोंडी "बघू, होईल" सांगितलं. मग विभागातल्या क्लार्क मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळा, होईल म्हणणारी माणसं बदलतात. लेखी घे." त्यांच्यामुळे मी अर्ज दिला आणि जानेवारी-फेब्रुवारीची गैरहजेरी एक्सचेंजमुळे ग्राह्य धरावी, बदल्यात जादा असाइनमेंट देईन, असं पत्र इनवर्ड, म्हणजे ऑफिसच्या आवक नोंदीत नंबर घालून घेतलं. इनवर्ड नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवला. मे महिन्याचं इतिवृत्त आणि हा इनवर्ड नंबर, या दोन गोष्टी नसत्या तर मी आज एक वर्ष मागे असते.

आता पैसे, कारण सगळ्यात जास्त मेसेज याचेच. माझी ग्रँट महिना ८५० युरो, आणि प्रवासासाठी एकदाच ८२० युरो, ही रक्कम अंतराच्या टप्प्यावर ठरते, आपण ४,००० ते ७,९९९ किलोमीटरच्या टप्प्यात बसतो. ट्यूशन फी नाही. ऐकायला एकदम झकास. पण पहिला हप्ता तिथे पोचून, पत्ता नोंदवून, बँक खातं उघडल्यावर येतो. तोपर्यंतचं सगळं आपल्या खिशातून. माझा हिशोब असा होता: पासपोर्ट १,५००, व्हिसा फी ७५ युरो म्हणजे सर्व्हिस चार्ज सोडून पावणेसात हजारांच्या आसपास, सुरुवातीच्या दिवसांचा इन्शुरन्स २,८००, जाऊन-येऊन तिकीट ६२,०००, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून ७१० युरो, हातात ६०० युरो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले ७१० युरो. तेव्हा युरो ९१-९२ रुपयांना होता. सगळं मिळून अडीच लाखांच्या वर गेलं. यातलं बरंचसं नंतर ग्रँटमधून भरून निघालं हे खरं, पण आधी ते कुणाकडे तरी असावं लागतं. आमच्याकडे ते मामाकडून आलं. 'फुल्ली फंडेड' शब्द वाचून उड्या मारण्याआधी घरी हे बोलून घ्या, मी उशिरा बोलले आणि आईला दोन दिवस झोप नव्हती.

ब्लॉक्ड अकाउंटचं सांगते. जर्मनी विद्यार्थ्याकडून महिन्याच्या खर्चाचा पुरावा मागते. तेव्हा तो आकडा महिना ९३४ युरो होता आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ९९२ होणार होता. माझी ग्रँट ८५० ची, म्हणजे फरक आपण दाखवायचा. माझी अपॉइंटमेंट ३० जुलैची, निकाल कधी लागेल माहीत नाही, म्हणून मी नवीन आकडा धरून महिना १४२ प्रमाणे पाच महिन्यांचे ७१० युरो ब्लॉक केले. हे पैसे जात नाहीत, तिथे गेल्यावर दर महिन्याला आपल्यालाच परत मिळतात. आणि एपीएस सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे आपल्या मार्कशीट-डिग्री खऱ्या आहेत हे तपासल्याचं सर्टिफिकेट, ते १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून शिकायला जाणाऱ्यांना लागतं आणि फी १८,००० आहे, पण त्यातून सूट असलेल्यांची यादी असते. मी मेल करून विचारलं, मी सूटवाल्यांत निघाले. आधी विचारा, मग पैसे भरा.

व्हिसा अपॉइंटमेंट मुंबईला. ९० दिवसांच्या वर राहायचं म्हणजे नॅशनल व्हिसा, 'डी' टाइप, टुरिस्टवाला नाही. अपॉइंटमेंटचे स्लॉट मला आठ दिवस दिसतच नव्हते, एका पहाटे सव्वासहाला दिसला आणि मी अंथरुणातच घेतला. कागद दोन सेटमध्ये, चेकलिस्टच्याच क्रमाने, स्टेपल न करता. मी सगळं सुंदर स्पायरल करून नेलं होतं, काउंटरवरच्या मुलीने ते माझ्यासमोर उसवलं. मोठी अडचण दुसरीच निघाली. माझ्या ग्रँट लेटरमध्ये एकूण रक्कम होती, दरमहा किती आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते नव्हतं. तिने सांगितलं, असंच जमा केलंत तर चालेल पण अडकू शकतं. मी बाहेर येऊन जर्मनीत फोन केला, तिथे सकाळचे आठ वाजले होते, आणि तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसच्या बाईंनी पाऊण तासात नवीन पत्र पीडीएफ करून पाठवलं. खाली झेरॉक्सवाल्याकडे दोन प्रिंट काढल्या आणि पुन्हा लाइनीत. तर ग्रँट लेटरमध्ये दरमहा रक्कम आणि दोन्ही तारखा आहेत ना हे घरीच बघा.

मग सहा आठवडे काहीही नाही. या काळात माझी अवस्था फार वाईट होती. वर्गात बसायचे पण परीक्षा देणार नव्हते, मैत्रिणी विचारायच्या "गेली नाहीस अजून?", शेजारच्या काकू रोज गॅलरीतून "कधी निघणार?" आणि माझ्याकडे सांगायला तारीख नाही. ट्रॅकिंग दिवसातून वीस वेळा बघायचे. तिकीट रिफंडेबल घेतलं नव्हतं, चार हजार वाचवायला गेले आणि पोटात गोळा घेऊन बसले. ९ सप्टेंबरला पासपोर्ट परत आला, आत व्हिसा, २५ सप्टेंबर ते २३ मार्च.

२८ सप्टेंबरला मी पोचले आणि तो शनिवार होता. ही माझी सगळ्यात मूर्ख चूक. हॉस्टेलची किल्ली देणारा माणूस सोमवार ते शुक्रवार सकाळीच असतो, रविवारी दुकानं बंद, आणि लगेच पुढच्या गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, त्यांची राष्ट्रीय सुट्टी. दोन रात्री मला माझ्या 'बडी'ने, म्हणजे नव्या परदेशी मुलांच्या मदतीला विद्यापीठ जोडून देतं त्या तिथल्या मुलीने, तिच्या खोलीत जमिनीवर झोपवलं. बडी प्रोग्रॅमचा फॉर्म येतो तेव्हा आपल्याला काय गरज असं वाटतं, भराच. आणि पोचायचं ते सोमवार-मंगळवारी, सकाळी.

त्यानंतरची साखळी अशी: खोली मिळाल्यावर घरमालकाचं, माझ्या केसमध्ये हॉस्टेलचं, पत्र, ते घेऊन १४ दिवसांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिला आनमेल्डुंग म्हणतात, त्या कागदावर बँक खातं, आणि खात्याचा नंबर दिल्यावर ग्रँट. दुसरीकडून हेल्थ इन्शुरन्स, महिना १२० युरोच्या पुढे, तो घेतल्याचं इन्शुरन्स कंपनी परस्पर विद्यापीठाला ऑनलाइन कळवते आणि तोपर्यंत अॅडमिशन पक्की होत नाही. मी आठवडाभर सर्टिफिकेटची प्रिंट घेऊन फिरत होते आणि ती कुणालाच नको होती. ग्रँटचा पहिला हप्ता २९ ऑक्टोबरला आला. एक महिना सहाशे युरोंवर काढला, मेन्झा म्हणजे विद्यापीठाची कॅन्टीन तीन-चार युरोत पोटभर जेवण देते म्हणून निभलं.

वर्गांबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याने अनुभवावं. एवढंच की टाइमटेबलवर दहा वाजता लिहिलंय आणि पुढे 'सी.टी.' आहे तर तास सव्वादहाला सुरू होतो, मी पहिला आठवडा रिकाम्या वर्गात एकटी बसले. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बाकांवर बोटांनी ठकठक करतात. आणि कोर्सला नाव नोंदवणं वेगळं, परीक्षेला नोंदवणं वेगळं! हे मला डिसेंबरात एका इटालियन मुलाने सांगितलं, मुदत संपायला दोन दिवस असताना. पोर्टलवर परीक्षेचं बटण दाबलं नसतं तर सगळं सेमिस्टर करून शून्य.

लर्निंग अॅग्रीमेंट मात्र दुसऱ्याच आठवड्यात फाटलं. चारांपैकी एक सेमिनार रद्द, आणि एक कॅटलॉगमध्ये इंग्रजी लिहिलेला प्रत्यक्षात जर्मनमधून. बदलाचा फॉर्म भरायचा आणि पुन्हा तिन्ही सह्या, मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आणि इथे दिवाळीची सुट्टी! १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, विभागाला कुलूप, विभागप्रमुख गावाला. मी तिकडून रडकुंडीला येऊन क्लार्क मॅडमना व्हॉट्सअॅप केलं. त्यांनी विभागातल्या शिपाई काकांना सांगितलं, काकांनी भाऊबीज झाल्यावर कुलूप उघडून शिक्का आणला, सर गावाहून येताना स्टँडवरच सही करून गेले, आणि मॅडमनी फोनवरून स्कॅन करून पाठवलं. स्कॅनच्या कोपऱ्यात एसटीच्या सीटचं कव्हर दिसतं. जर्मनीतल्या बाईंनी काहीही न विचारता तो लावून घेतला.

नोव्हेंबरात तिथे इंटरनॅशनल वीक असतो. त्यात परदेशी विद्यापीठांचे स्टॉल, आणि एक्सचेंजवर आलेल्यांनी आपापल्या विद्यापीठाच्या स्टॉलवर दोन तास बसायचं. मी बसले. शेजारी स्पेन, तिथे रांग. माझ्याकडे पहिला तास कुणी नाही, एकाने येऊन पेन उचललं आणि गेला. मग एक मुलगी आली आणि तिने जे विचारलं त्याने मला हसूच आलं: तुमच्याकडे परीक्षा कधी असतात, हजेरी किती लागते, आणि हे क्रेडिट मला इथे मिळतील का? मी तिला म्हटलं, शेवटचा प्रश्न आधी तुझ्या विभागाला विचार, आणि उत्तर लेखी घे.

डिसेंबरात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सेमिनारची सहल हेगला होती. तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयात हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय यावर तोंडी सुनावणी चालू होती, २ ते १३ डिसेंबर, वानुआतूसारख्या छोट्या देशाने पुढाकार घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमार्फत तो प्रश्न न्यायालयापुढे नेला होता. आम्ही ६ तारखेला पोचलो. आत जागा मिळाली नाही. पीस पॅलेसच्या गेटबाहेर थंडीत उभं राहून फोटो काढले आणि संध्याकाळी हॉस्टेलवर लॅपटॉपवर त्याच इमारतीतली सुनावणी बघितली, आदल्या दिवशीचं भारताचं निवेदनही तेव्हाच ऐकलं. तरीही मला त्या सहलीचं काही वाटतं. आमच्याकडे हा विषय मी पाठ करून लिहिला होता, पंधरा न्यायाधीश, नऊ वर्षांची मुदत, इथे गेटवर त्याच विषयाच्या पाट्या घेऊन उभी माझ्याच वयाची मुलं होती. त्यावरच मी वीस पानांचा निबंध लिहिला. न्यायालयाचं सल्लागार मत २३ जुलै २०२५ ला आलं, तोवर माझा निबंध तपासूनही झाला होता, नाहीतर दोन पानं बदलावी लागली असती.

२२ फेब्रुवारीला निघाले. निघताना 'इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत होती' या कागदावर सही घ्यायची असते, ती शेवटच्या दिवशीच घ्या, कारण ग्रँट दिवसांवर मोजतात. माझ्याबरोबरच्या एकीने सामान बांधायच्या गडबडीत आठ दिवस आधी घेतली आणि आठ दिवसांचे पैसे गेले.

आणि मग सुरू झाला खरा भाग. निबंध ३१ मार्चपर्यंत द्यायचे, ते मी इथे सेमिस्टर चारची जादा असाइनमेंट लिहीत लिहीत दिले. तिथले प्रोफेसर तपासायला निवांत वेळ घेतात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथली मार्कशीट, आलं ६ जूनला. तोपर्यंत माझ्या सेमिस्टर तीनपुढे पोर्टलवर 'रिझल्ट रिझर्व्ड', आणि त्यामुळे एप्रिलमध्ये सेमिस्टर चारचा परीक्षा फॉर्म उघडेना. परीक्षा विभागात तीन चकरा. तिसऱ्या वेळी इनवर्ड नंबर आणि इतिवृत्त दोन्ही टेबलावर ठेवलं तेव्हा ऑफलाइन फॉर्म घेतला.

ट्रान्सक्रिप्ट आल्यावर क्रेडिटचं गणित. मी चार कोर्स केले, प्रत्येकी ६ ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट, एकूण २४. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, आपल्याकडे नवीन क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये वर्षाला ४०, म्हणजे दीडास एक, म्हणजे माझे १६ क्रेडिट. उरलेले ४ मी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्समधून जानेवारीच्या सत्रात घेतले होते, त्याची परीक्षा मे महिन्यात दिली. सरळ वाटतं ना? पण समितीतल्या एका सरांनी विचारलं, आठवड्याला दीड तासाचा एक तास, असे चौदा आठवडे, म्हणजे एकवीस तास, आपल्याकडे पंधरा तासांना एक क्रेडिट, मग हे दीड क्रेडिटसुद्धा होत नाही, चार कसे? प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर होतं तिथल्या मॉड्यूल हँडबुकात, त्यात प्रत्येक कोर्सपुढे लिहिलं होतं, एकूण १८० तास, त्यातले वर्गातले इतके आणि स्वतःच्या वाचन-लेखनाचे उरलेले. ते पान छापून, मराठीत दोन ओळींचा खुलासा जोडून दिलं आणि समितीने मान्य केलं. हे हँडबुक तिथे असतानाच डाउनलोड करून ठेवा, परत आल्यावर लॉगिन बंद होतं.

शेवटचं ग्रेड. जर्मनीत १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. माझे होते १.३, १.७, २.० आणि २.७. परीक्षा विभागात ज्यांनी ते पहिल्यांदा भरलं त्यांनी सरळ दहापैकी म्हणून भरलं आणि माझ्यासमोर स्क्रीनवर चारही विषयांत लाल 'एफ' आला. "मॅडम, परदेशात जाऊन सगळ्यात नापास?" असं त्यांनी इतक्या हळहळीने विचारलं की मला रागही येईना. परदेशी गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलायला तिकडे बव्हेरियन फॉर्म्युला म्हणून एक सूत्र वापरतात, ते उलटं चालवायचं. आपल्याकडे जास्तीत जास्त १० आणि पास ४ धरलं तर १.० म्हणजे १०, ४.० म्हणजे ४, मधे प्रत्येक ०.१ मागे ०.२ कमी. म्हणजे १.७ चे ८.६ आणि २.७ चे ६.६. ते आम्ही दोघांनी मिळून कॅल्क्युलेटरवर चार वेळा करून बघितलं, मग त्यांनी विभागप्रमुखांचं पत्र मागितलं, ते आणायला पाच दिवस, मग समितीची सही, मग जुलैची बदलीची धामधूम.

ग्रँटचा शेवटचा २० टक्के हप्ता ट्रान्सक्रिप्ट आणि ऑनलाइन सर्व्हे भरल्यावर जूनअखेरीस आला, मामाचे राहिलेले पैसे त्यातून दिले. मार्कशीट १९ ऑगस्टला मिळाली. त्यावर चार विषयांची नावं जर्मन विद्यापीठातल्या इंग्रजी नावांनीच छापली आहेत, एकात स्पेलिंग चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज इनवर्ड केलाय.